सहलीची शेगडी रात्री कुठे राहणार?

नागझिरा अभयारण्याच्या चोरखमारा प्रवेशद्वारातून पहाटेची सफारी धरायची असेल, तर नागपूर-रायपूरकडून येणाऱ्या मंडळींना आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला पोहोचावे लागते. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातले हे गाव, लगतचा तलाव आणि पलीकडचे पानझडीचे रान हिवाळ्यात फार देखणे दिसते. थंडीही तशीच असते. विदर्भाच्या तापमानाच्या यादीत डिसेंबर-जानेवारीत गोंदियाचे नाव बहुधा सर्वात खाली दिसते. अशा रात्री उघड्यावर काहीतरी भाजून खाण्याची हौस होणे स्वाभाविक आहे. म्हणून हल्ली गाडीच्या डिकीत तंबू आणि चटयांबरोबर घडीची ग्रिल, कोळशाची पिशवी आणि मसाला लावलेल्या चिकनचा डबा हमखास असतो.

ही ग्रिल, म्हणजे सहलीची शेगडी, बहुतेक जण मोबाइलवर पाहून मागवतात. किंमत किती, वजन किती, घडी होते का, एका वेळी किती सीख बसतात, एवढे पाहिले की खरेदी पूर्ण होते. जाहिरातीही याच चार गोष्टी सांगतात. वैद्यकीय दृष्टीने सर्वात महत्त्वाचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. जेवण आटोपल्यावर, सगळे झोपायला गेल्यावर, ही शेगडी कुठे असणार आहे?

हा प्रश्न ज्यांच्यापुढे वेळेवर आला नाही, त्यांच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कोडाईकनालला मित्रांसोबत फिरायला गेलेले दोन तरुण मुक्कामाच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. रात्री मांस भाजून झाल्यावर थंडीमुळे बार्बेक्यूची शेगडी खोलीत ठेवली गेली आणि तिच्या धुराने गुदमरून मृत्यू झाला, असा प्राथमिक अंदाज होता. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळच्या आठ पर्यटकांचा जीव गेला, त्यात चार मुले होती. तिथे शेगडी नव्हती, गॅसवर चालणारा हीटर होता. दारे-खिडक्या मात्र थंडीमुळे घट्ट बंद होत्या. २०१२ साली इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका कुटुंबाने स्वयंपाक आटोपलेली बार्बेक्यू तंबूत घेतली आणि चौदा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. देश, इंधन आणि निवारा वेगवेगळे असले तरी कारण एकच होते. जळणारी वस्तू माणसांसोबत बंद जागेत आली होती.

आगटी शेतात राहते, ग्रिल आत येते

निखाऱ्यावर भाजून खाणे महाराष्ट्राला नवे नाही. वांग्याचे भरीत, विदर्भातले गोवऱ्यांच्या आरातले रोडगे, हिवाळ्यातला हुरडा हे सगळे निखाऱ्यावरचेच पदार्थ. हुरड्याची आगटी शेतात, उघड्या आभाळाखाली पेटते. जमिनीत खणलेली असल्याने ती कुणी उचलून घरात नेऊ शकत नाही. हुरडा संपला, गप्पा संपल्या की माणसे घरी जातात आणि आगटी तिथेच राहते. तिच्या सुरक्षिततेत शहाणपणाचा वाटा असेल, पण मोठा वाटा ती जागची हलत नाही याचा आहे.

घडीच्या ग्रिलची गोष्ट उलटी आहे. तिला कड्या असतात, मूठ असते, दोन-तीन किलो वजन असते. ती कुठेही नेता यावी म्हणूनच घेतली जाते. रात्री अकरानंतर गारठा वाढतो, पातळ चटईतून जमिनीचा थंडावा अंगात शिरतो आणि बाहेर अजून ऊबदार असलेली शेगडी दिसते. ज्वाला नाही, धूर नाही, नुसती लालसर राख. ती तंबूत किंवा खोलीत ओढून घेण्याचा मोह त्या क्षणी कुणालाही होऊ शकतो. त्यात मूर्खपणा नसतो, थंडी असते.

बंद खोलीत शेगडी ठेवण्याची सवय आपल्या घरांतही होतीच. बाळंतिणीच्या खाटेखाली शेकाची शेगडी ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती आणि काही घरांत आजही आहे. कौलारू, फटी असलेल्या घरात वारा कुठून ना कुठून येत असे. सिमेंटच्या खोलीत, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांमागे आणि चेन लावलेल्या नायलॉनच्या तंबूत तो येत नाही. जुनी सवय तशीच राहिली आणि निवारा बदलला, धोका तिथे वाढला.

निखारा शांत दिसतो, शांत नसतो

कोळसा म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन. भरपूर हवा मिळाली तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. पण निखाऱ्यांच्या ढिगात आतल्या भागाला हवा कमी मिळते. शिवाय खाली तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. ज्वाला असेल तर यातला बराचसा वायू वरच्या वर जळून जातो. कोळशावर कधीकधी दिसणारी निळसर जीभ ती हीच. ज्वाला मावळली की हा वायू न जळता हवेत मिसळू लागतो.

सामान्य समजुतीच्या नेमके उलटे ते इथेच. धूर निघत असताना आपण शेगडीपासून दूर सरकतो, कारण डोळे झोंबतात आणि खोकला येतो. धूर थांबून नुसता लाल निखारा उरला, की ती ‘स्वच्छ’ झाली असे वाटते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि तो घशाला खवखवही करत नाही. राखेचा थर चढलेला निखारा कित्येक तास हा वायू सोडत राहू शकतो.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशेहून अधिक पटींनी जास्त असते. त्यामुळे हवेत थोडाही वायू असला तरी तो रक्तात साठत जातो. ऑक्सिजन वाहून नेणारी जागा तो अडवतो आणि उरलेला ऑक्सिजनही रक्तातून पेशींपर्यंत सहज सुटू देत नाही. मेंदू आणि हृदय या सर्वात जास्त ऑक्सिजन लागणाऱ्या अवयवांना त्याचा फटका आधी बसतो. लहान मुलांचा श्वास जलद असल्याने त्यांच्यात परिणाम लवकर दिसतो. गर्भवतीच्या बाबतीत आईला फारसे जाणवले नाही तरी गर्भाला इजा होऊ शकते. हृदयविकार असलेल्यांना कमी प्रमाणही सोसत नाही.

काही ग्रॅमचे गणित

‘एवढ्याशा निखाऱ्याने काय होणार’ या शंकेचे उत्तर साध्या हिशेबात मिळते. तीन-चार माणसांच्या तंबूत सुमारे ४ घनमीटर, म्हणजे ४००० लिटर हवा मावते. हवेच्या दर दहा लाख भागांत १६०० भाग कार्बन मोनॉक्साइड असेल, तर वीसेक मिनिटांत डोकेदुखी, चक्कर आणि मळमळ सुरू होते आणि तास-दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो. चार हजार लिटर हवेत हे प्रमाण गाठायला लागणारा वायू साधारण ६.४ लिटर. त्याचे वजन भरते सात-साडेसात ग्रॅम आणि त्यातला कार्बन जेमतेम तीन ग्रॅम.

अर्थात कोळशातला सगळा कार्बन मोनॉक्साइड होत नाही. दहावा हिस्सा झाला असे धरले, तरी तीसेक ग्रॅम कोळसा पुरतो. जेवणानंतर शेगडीत मूठभर निखारे उरले तरी ते याहून जास्त भरतात. तंबूच्या कापडातून थोडी हवा आत-बाहेर होते, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ कमी-जास्त लागेल. पण दवाने भिजलेले कापड आणि वरचे पावसाळी आवरण हवा आणखी अडवते. तंबूची चेन चार बोटे उघडी ठेवली म्हणजे झाले, हा भरवसा त्यामुळे धोक्याचा आहे.

डोके दुखतेय म्हणून झोपलेले

या विषबाधेची लक्षणे फसवी असतात. डोके जड होणे, मळमळ, थकवा, गरगरणे. दिवसभराचा प्रवास, जागरण, तळलेले खाणे आणि काही वेळा मद्य, यांपैकी कशाचाही हा परिणाम असेल असे वाटते. ‘जरा पडतो, बरे वाटेल’ म्हणून माणूस त्याच तंबूत आडवा होतो. झोपलेल्याला तर लक्षण जाणवण्याची संधीही मिळत नाही. ज्याला कळते त्याचे पाय तोवर लटपटू लागलेले असतात आणि चेन उघडण्याइतकीही ताकद उरत नाही.

ओळखण्याची एक खूण मात्र उपयोगी आहे. एकाच तंबूतल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, ताप नाही आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटते, तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय आधी घ्यावा.

कोरोनाकाळापासून घरोघरी पोहोचलेले बोटाचे ऑक्सिमीटर इथे दिशाभूल करते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन यांत या यंत्राला फरक करता येत नाही. बेशुद्ध होत चाललेल्या माणसाच्या बोटावरही ते ९८ दाखवू शकते. गाल लालबुंद दिसतात हे पाठ्यपुस्तकी लक्षणही जिवंत रुग्णात क्वचितच आढळते. निदानाची खात्री करणारी रक्तातील तपासणी ग्रामीण भागात सहज मिळत नाही. म्हणून रुग्णाला आणणाऱ्याने ‘तंबूत शेगडी होती’ हे एक वाक्य डॉक्टरांना सांगणे कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाचे ठरते.

उपचाराची सुरुवात मोकळ्या हवेने होते. तंबू उघडावा, गरज पडली तर कापड फाडावे, सर्वांना बाहेर ओढावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाला कांदा हुंगवण्यात किंवा पाणी पाजण्यात वेळ घालवू नये. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात. मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर तेच काम साधारण तास-दीड तासात होते. ऑक्सिजनचा सिलिंडर प्राथमिक आरोग्य केंद्रातही असू शकतो, त्यामुळे जवळचे केंद्र सोडून थेट मोठ्या शहराकडे धावण्याची घाई करू नये. शुद्धीवर आलेल्या रुग्णालाही डॉक्टर सोडतील तेव्हाच न्यावे. काहींमध्ये विसराळूपणा, चिडचिड किंवा चालण्यातला बिघाड काही दिवसांनी, क्वचित महिनाभराने दिसू लागतो.

निवड करताना

हे सगळे लक्षात घेतले, की शेगडीची निवड वेगळ्या क्रमाने होते. ती पेटते किती लवकर यापेक्षा विझते किती खात्रीने, हे आधी पाहावे लागते.

कोळशाची ग्रिल स्वस्त असते, बिघडत नाही आणि चवही देते. पण तिला बंद करण्याचे बटण नसते. स्वयंपाक अर्ध्या तासात होतो, निखारे पुढे काही तास जागे राहतात. ती घ्यायचीच असेल तर घट्ट झाकण आणि बंद करता येणाऱ्या हवेच्या झरोक्यांची घ्यावी. हवा तोडली की निखारे लवकर मरतात. पाय उंच आणि रुंद बैठकीचे असावेत, म्हणजे खालचा पालापाचोळा तापत नाही आणि मुलांचा धक्का लागून ती उलटत नाही. राख साठवायला खाली तबक हवे. कोळसाही बेताने घालावा. शेवटची सीख चढल्यावर नवा कोळसा टाकू नये. पेटवताना पेट्रोल, रॉकेल किंवा सॅनिटायझर ओतणे हा भाजण्याचा हमखास मार्ग आहे. निखारे मंद दिसतात म्हणून वरून ओतले, तर ज्वाला धारेवरून बाटलीपर्यंत येते आणि ओतणाऱ्याचा हात व चेहरा सापडतो.

गॅसची ग्रिल नॉब फिरवला की विझते. हा एकच गुण तिला सहलीसाठी कोळशापेक्षा वरचढ ठरवतो. मात्र तिचेही पथ्य आहे. छोट्या बाटलीसारख्या डब्यात बहुधा ब्युटेन असतो. एवढा मोठा तवा किंवा जाळी ठेवू नये की ती डब्याच्या कप्प्यावर येईल, कारण तापलेला डबा फुटू शकतो. दोन शेगड्या शेजारी ठेवून वर एकच मोठा तवा चढवणे तर टाळावेच. रिकामा डबा घरगुती सिलिंडरमधून भरून घेण्याचा ‘जुगाड’ जिवावर बेतू शकतो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेनही असतो आणि त्याचा दाब ब्युटेनपेक्षा कितीतरी अधिक असतो. ते पातळ डबे त्या दाबासाठी बनवलेले नसतात. पाच किलोचा सिलिंडर नेणाऱ्यांनी आयएसआय चिन्हाची नळी आणि रेग्युलेटर वापरावा. सिलिंडर गाडीत उभा ठेवावा आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत सोडू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर डिकीत किंवा तंबूच्या तळाशी साचतो. आणि दामनची घटना लक्षात ठेवावी. गॅसची ज्योतही बंद जागेतला ऑक्सिजन संपवते आणि मग कार्बन मोनॉक्साइड सोडते. तंबूत ती तितकीच निषिद्ध आहे.

विजेची ग्रिल यातला कुठलाच वायू सोडत नाही. वीज असलेल्या रिसॉर्टच्या किंवा होमस्टेच्या ओट्यावर ती सर्वात निर्धोक. पण अशी ग्रिल दीड-दोन हजार वॉट खेचू शकते. मोबाइल चार्जरसाठी ओढलेल्या बारीक वायरवर ती लावली तर वायर तापते. ओल्या गवतावरही ती नको.

धातूकडेही लक्ष द्यावे. पैसे वाचवण्यासाठी अनेक जण पत्र्याच्या बादलीवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी टाकून घरगुती ग्रिल बनवतात. त्या बादलीला आणि जाळीला जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते आणि वारा घातलेले निखारे त्याच्या बरेच पुढे जातात. त्यातून उठणारी जस्ताची वाफ श्वासात गेली की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते. वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांना हा ‘धातूचा ताप’ चांगला ओळखीचा आहे. तो बहुधा दिवस-दोन दिवसांत उतरतो, पण सहलीत त्याला मलेरिया किंवा फ्लू समजून भलतेच उपचार होऊ शकतात. रंगाच्या डब्याची शेगडी तर करूच नये. साधे बिडाचे किंवा स्टेनलेस स्टीलचे ग्रिल घ्यावे.

जाळी घासण्याचा तारेचा ब्रश मात्र सोबत घेऊ नये. त्याची तुटलेली तार मांसाला चिकटून घशात किंवा आतड्यात रुतल्याचे रुग्ण अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये नोंदवले होते. अर्ध्या कांद्याने किंवा ओल्या फडक्याने जाळी पुसता येते.

ताटापर्यंतची वाट

मांस करपवले की कर्करोगाशी संबंध जोडलेली काही रसायने तयार होतात, हे खरे आहे. पण वर्षातून दोनदा सहलीला जाणाऱ्याने त्याची धास्ती घेण्यापेक्षा काळा पडलेला भाग काढून टाकावा आणि पुढे जावे. सहलीत त्याहून जवळचा धोका कच्च्या चिकनचा आहे. सकाळी मसाला लावलेले चिकन बर्फाच्या पेटीशिवाय संध्याकाळपर्यंत डिकीत राहिले, तर त्यात जंतूंची वाढ होते. अंधारात, मोबाइलच्या उजेडात भाजलेला तुकडा बाहेरून काळा आणि आतून गुलाबी राहतो. चिकनच्या आतले तापमान ७४ अंशांपर्यंत जायला हवे. थर्मामीटर नसेल तर तुकडे लहान करावेत आणि हाडाजवळ कापून पाहावे. कच्च्या चिकनचा चिमटा आणि ताट शिजलेल्याला लावू नये. जंगलालगत मुक्काम असेल तर उरलेले अन्न आणि हाडे रात्री बाहेर टाकू नयेत. नागझिऱ्यात वाघ-बिबट्यांबरोबर अस्वलेही आहेत आणि वासावर येणारा प्राणी तंबू ओळखत नाही.

भाजलेच, तर जखमेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी धरावे. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नये.

चोरखमाऱ्याच्या रानाची बाजू

इथे पेटवलेल्या आगीचा संबंध फक्त पेटवणाऱ्याशी नसतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने आग लावणे, पेटवणे किंवा पेटती सोडून जाणे प्रतिबंधित आहे. राखीव वनांसाठी १९२७ च्या भारतीय वन कायद्यातही आगीवर बंधने आहेत. म्हणजे प्रवेशद्वाराच्या आत शेगडीचा विचारही करू नये. गावातल्या किंवा मुक्कामाच्या अंगणात मालकाने दाखवलेल्या जागीच ती पेटवावी.

राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. सागाची पाने गळून जमिनीवर वितभर थर साचलेला असतो आणि वाऱ्याने उडालेली एक ठिणगी पुरते. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्यात लागलेला वणवा विझवायला गेलेल्या तीन वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला आणि दोघे गंभीर भाजले. ही माणसे कुणाच्या सहलीतली नव्हती. उन्हाळ्याच्या हंगामी मजुरीवर रान राखत होती. वणव्याची कारणे अनेक असतात. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची रीतही त्यात आहे. पण मोह वेचणाऱ्याची ती रोजीरोटी असते. पर्यटकाला ही सबब नाही.

निखारे विझवण्याची पद्धत त्यामुळे महत्त्वाची ठरते. मातीत किंवा वाळूत गाडलेला निखारा विझत नाही, फक्त दिसेनासा होतो. आत तो तासन्‌तास तापत राहतो आणि सकाळी अनवाणी धावणाऱ्या मुलाचा पाय त्यावर पडतो. थोडे पाणी घालावे, चिमट्याने ढवळावे, पुन्हा पाणी घालावे. वाफ तोंडावर येऊ नये म्हणून बाजूला उभे राहावे. सूं असा आवाज थांबला आणि राखेवर धरलेल्या हाताला ऊब लागली नाही, तेव्हाच शेगडी विझली असे समजावे. तोवर एक माणूस जागा हवा. ती राख तलावात ओतू नये, थंड झाल्यावर डब्यात भरून परत न्यावी.

सूचना लिहायची कुणी?

सगळी जबाबदारी पर्यटकावर टाकून भागणार नाही. अमेरिकेत कोळशाच्या पिशवीवर ठळक इशारा छापणे विक्रेत्याला बंधनकारक आहे. घरात, वाहनात किंवा तंबूत कोळसा जाळल्यास मृत्यू येऊ शकतो आणि त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, असे त्यावर स्पष्ट लिहिलेले असते. वाचता न येणाऱ्यालाही कळावे म्हणून चित्रही असते. युरोपच्या मानकातही बार्बेक्यू बंदिस्त जागेत वापरू नये ही सूचना आहे. आपल्याकडे ऑनलाइन येणाऱ्या ग्रिलच्या खोक्यावर सूचना असलीच, तर ती बहुधा इंग्रजीत आणि भिंग लावून वाचावी लागेल इतकी बारीक असते. मराठीत एक ओळ आणि तंबूवर फुली मारलेले एक चित्र छापायला फारसा खर्च येणार नाही.

मुक्कामाची व्यवस्था करणाऱ्यांच्या हातात तर याहून सोपे उपाय आहेत. रात्री ठरावीक वेळेनंतर सगळ्या शेगड्या तंबूंपासून दूर, एका उघड्या जागी जमा करून घ्याव्यात आणि कर्मचाऱ्याने त्या स्वतः विझवाव्यात. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक खोलीत लावता येतो. मात्र अलार्म आहे म्हणून शेगडी आत आणायची परवानगी मिळते, असा अर्थ कुणी घेऊ नये. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे पाहुण्यांना पुरेशी पांघरुणे द्यावीत. शेगडी तंबूत येते ती थंडीमुळे. मागितल्याबरोबर जादा ब्लँकेट मिळाले, जमिनीवर जाड गादी असली, तर रात्री दोन वाजता निखाऱ्यांकडे कुणाचा हात जाणार नाही.

घरून निघतानाचा हिशेबही असाच करावा. ग्रिलवर पाच हजार खर्च करून झोपायला पातळ चादर नेणारी मंडळी कमी नाहीत. त्यातले दोन हजार चांगल्या स्लीपिंग बॅगवर आणि जाड चटईवर गेले, तर उरलेल्या पैशांत येणारी साधी शेगडीही पुरते. कानटोपी, लोकरी मोजे आणि झोपण्याआधी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, एवढ्यावर गोंदियाची थंडी निभावते.

शेगडी खरेदी करताना म्हणूनच घरात एक प्रश्न मोठ्याने विचारावा. ही विझवणार कोण आणि रात्री ती राहणार कुठे? त्या माणसाचे नाव आणि ती जागा निघण्याआधी ठरली असेल, तर कुठलीही बरी शेगडी चालेल. ठरली नसेल, तर सर्वात महागडी ग्रिलही डिकीत न ठेवलेलीच बरी. पहाटे सफारीची जिप्सी दाराशी येईल, तेव्हा तंबूतून सगळ्यांनी आपल्या पायांनी बाहेर यायला हवे.